गच्चीवरचा पाइप पहाटे फुटला, टाकी रिकामी झाली. सोलापूरच्या थंडीनं पाइप फुटतो का?

जुळे सोलापूरची ताई

नमस्कार, जरा घाईनं विचारतेय. काल आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. हौद आणि गच्चीवरची टाकी, दोन्ही काठोकाठ भरून घेतले होते. आज पहाटे सासूबाई अंघोळीला उठल्या तर नळाला थेंब नाही. गच्चीवर जाऊन बघते तर सोलरकडून बाथरूममध्ये उतरणारा पाइप कोपऱ्यापाशी फुटला होता आणि हजार लिटरची टाकी पन्हळीतून रस्त्यावर रिकामी झाली होती. सोलरमध्येही पाणी उरलेलं नाही.

हौदात पाणी आहे, पण मोटर लावून वर चढवलं की तिथूनच गळून जाणार, म्हणून बादलीनं उपसतोय. पुतण्यानं फुटलेल्या जागी एम-सील लावलं आणि थोडी मोटर चालवून बघितली, तर एम-सीलचा गोळाच निसटून खाली पडला. नेहमीचे मिस्त्री गावाला गेलेत, परवा येतो म्हणाले. पुढचं पाणी चार दिवसांनी.

विचारायचं आहे ते दोन गोष्टींबद्दल. मिस्त्री येईपर्यंत आम्ही काय करावं? आणि दुसरं, मागच्या जानेवारीतही, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, हाच पाइप याच बाजूला फुटला होता. उन्हाळ्यात कधीच फुटत नाही. माझी बहीण कॅनडात असते. ती म्हणते, हिवाळ्यात पाइप फुटतातच, आधीच फोम गुंडाळून ठेवायला हवा होता. आपल्या सोलापुरात खरंच थंडीनं पाइप फुटतो का? फोम आणायचा तर कुठला आणायचा?

विजापूर रोडवाला

ताई, आमच्या गल्लीतही हिवाळ्यात दोन-तीन घरांचे पाइप गेलेत. आम्ही गोणपाट गुंडाळून वरून सुतळीनं बांधतो. गोणपाटामुळं फुटायचं थांबतं की नाही ते मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण पाइपावर ऊन पडत नाही एवढं खरं. अशोक चौकातले अण्णा इथं लिहितात, त्यांची वाट बघा.

अण्णा नळमिस्त्री, अशोक चौक

अक्का, आधी आजचं बघू, थंडीचं नंतर.

सगळ्यात पहिलं म्हणजे सोलर. काचेच्या नळ्यांचा असेल तर हे आत्ताच ऐका. त्याच्या टाकीत पाणी नाही, आणि ऊन चढलं की कोरड्या नळ्या आतून दोनशे अंशांच्याही वर तापतात. अशा नळीत गार पाणी गेलं की काच तडकते. एकाच्या पाठोपाठ एक अशा चार-पाच नळ्या गेलेल्या मी बघितल्यात. म्हणून आज दिवसभर सोलरमध्ये पाणी सोडायचं नाही. घरातली जुनी सोलापुरी चादर घ्या, दोन लागतील, आणि नळ्या पूर्ण झाकून चारही कोपरे बांधून टाका. पाणी भरायचं ते उद्या सूर्य उगवायच्या आत, नाहीतर रात्री नळ्या निवल्यावर. सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असेल तर तिचा एमसीबी आत्ताच पाडा. कोरडी कॉइल चालू राहिली तर जळून जाते. बाथरूममधल्या गिझरचंही तेच.

आता घरातल्या पाण्याचं. तुम्ही मोटर लावायला घाबरताय, पण तुमची टाकी फुटलेली नाही, फुटली आहे ती सोलरची लाइन. बहुतेक घरांत टाकीच्या बुडातून दोन लाइनी निघतात. एक थेट घरात गार पाण्याची, दुसरी सोलरला पाणी भरणारी. सोलरकडं जाणाऱ्या लाइनीवर टाकीजवळच एक व्हॉल्व्ह असतो. तो पूर्ण बंद करा. बाथरूममधल्या मिक्सरच्या गरम-गार दोन्ही चाव्या बंद ठेवा, नाहीतर गार पाणी मिक्सरमधून उलटं चढून त्याच फुटक्या पाइपातून बाहेर पडतं. मग मोटर लावून टाकी भरा. स्वयंपाकघर, संडास, सगळं चालू होईल. फक्त गरम पाणी चुलीवर तापवावं लागेल.

व्हॉल्व्ह पितळी, चाकाचा, जुना असेल आणि फिरत नसेल तर पान्हा लावून जोर करू नका. आतली दांडी तुटते आणि मग तो ना उघडा ना बंद. हातानं थोडा इकडं, थोडा तिकडं असा हलवत राहा, क्षार मोकळा झाला की बहुतेक फिरतो. नाहीच फिरला तर टाकी आत्ता रिकामी आहे याचा फायदा घ्या. सोलरच्या लाइनीच्या तोंडात आतल्या बाजूनं लाकडी गुट्टा ठोका. गुट्ट्याला स्वच्छ चिंधी घट्ट गुंडाळा आणि त्याला दोरी बांधून ती टाकीबाहेर ठेवा, म्हणजे नंतर ओढून काढता येतो. उजनीवरून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी आहे ते, चार-पाच दिवसांनी एकदा मिळणारं. एका बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हपायी ते रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही.

एम-सीलबद्दल. एम-सील वाईट नाही, पण त्याला कोरडी, घासलेली जागा लागते आणि वाळायला सवड लागते. ओल्या, गुळगुळीत पाइपावर लावून लगेच मोटर लावली की ते निघणारच. अडचणीच्या वेळी सायकलची जुनी ट्यूब सगळ्यात चांगली. दोन बोटं रुंदीची लांब पट्टी कापा, फुटल्या जागेच्या वीतभर आधीपासून ताणून गुंडाळायला सुरुवात करा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. वीतभर पुढं जाऊन थांबा आणि वरून बांधकामाची बारीक तार पिळून आवळा, किंवा स्क्रूचा क्लॅम्प लावा. गार पाण्याच्या आणि नुसत्या टाकीच्या दाबाच्या लाइनीवर हे एक-दोन दिवस टिकतं. गरम पाण्याच्या लाइनीवर टिकत नाही, म्हणून तुमच्या इथं ते करत बसू नका, व्हॉल्व्हच बंद ठेवा.

आता थंडीचं विचारलंत त्यावर. त्याआधी माझी एक विनंती आहे, आणि ती मी प्रत्येक घरी करतो. मिस्त्रीनं कापून काढलेला फुटका तुकडा फेकून देऊ नका. तो हातात घेऊन बघा. पाइप कशानं फुटला ते त्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. आमच्यातले बरेचजण नवा तुकडा जोडतात, पैसे घेतात आणि जातात, आणि वर्षानं तोच पाइप वीतभर पुढं फुटतो. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय असं वाटतंय.

फुटण्याचे प्रकार असे. जोडातून पाइप अख्खा, स्वच्छ निसटून आला असेल तर सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचं रसायन, नीट लागलं नव्हतं. धूळ किंवा ओल असताना जोडलं, किंवा पाइप पुरता आत गेला नव्हता. पाइपाच्या लांबीनं सरळ चीर गेली असेल आणि कडा जाड, टणक असतील तर दाबाचा दणका बसलाय. कुठंतरी मोटर, व्हॉल्व्ह किंवा बॉल कॉक एकदम बंद होतोय. ज्या लाइनी थेट महापालिकेच्या नळाला आहेत त्यांना हा दणका पाणी येतानाही बसतो. चार दिवस रिकामी राहिलेली लाइन भरताना पुढं हवा धावते आणि मागून पाणी येऊन आदळतं. वरची बाजू पांढरी, भुकटीसारखी, नखानं खरवडली तर पूड निघते आणि तुकडा चिनीमातीसारखा कडाकडा तुटतो, तर तो उन्हानं मेलाय. चौथा प्रकार, चिरेपाशी पाइप फुगलेला, कडा पातळ ओढल्यासारख्या, तर तो उष्णतेनं गेलाय.

मला एवढं सांगा: पाइपाचा रंग कोणता, त्यावर काय छापलंय, चिरेची कड कशी आहे, लाइनीवर कुठं प्रेशर पंप आहे का, आणि उन्हाळ्यात सोलर चालू असतो का. मग थंडीबद्दल बोलू.

जुळे सोलापूरची ताई

अण्णा, तुमचे किती आभार मानू. टाकीला खरंच दोन लाइनी आहेत. सोलरचा व्हॉल्व्ह बराच वेळ हलवल्यावर फिरला. मोटर लावली, टाकी भरली, स्वयंपाकघरात पाणी आलं. सासूबाईंनी स्वतः उभं राहून नळ्यांवर चादरी बांधून घेतल्या. सोलर नळ्यांचाच आहे आणि त्यात कॉइल आहे, ती चालूच होती, बंद केली.

आता तुमचे प्रश्न. सोलरमधून निघतो तो पाइप फिकट पिवळसर आहे. पहिल्या कोपऱ्यानंतर मात्र पांढरा आहे, तो तसाच बाथरूमपर्यंत जातो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा मधली लाइन बदलली होती, तेव्हाचा असावा. पाऊण इंची आहे, वर १० किलो असं काहीतरी छापलंय. फुटलाय तो पांढरा पाइप, कोपऱ्यापासून चार बोटांवर. चिरेपाशी तो स्पष्ट फुगलेला आहे आणि कडा कागदासारख्या पातळ झाल्यात. पुढं दोन क्लॅम्पांच्या मध्ये पाइप खाली झोळला आहे, हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

प्रेशर पंप आहे. वरच्या शॉवरला जोर नव्हता म्हणून मागच्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीत गरम लाइनीवर बसवला. नळ बंद केला की तो धप्प आवाज करून थांबतो. आणि उन्हाळ्यात सासूबाई सोलरची लाइन बंदच ठेवतात, कारण गार नळालाच गरम पाणी येतं. दिवाळीनंतर उघडतात.

अण्णा नळमिस्त्री, अशोक चौक

अक्का, सगळं लागलं. तुमचा पाइप थंडीनं फुटलेला नाही. तो गरम पाण्यानं फुटलाय, आणि गरम पाणी तुम्ही वापरता हिवाळ्यात, म्हणून तो हिवाळ्यात फुटतो. उन्हाळ्यात त्या लाइनीत पाणीच खेळत नाही, मग फुटेल कशाला? सोलापुरात पारा फार उतरला तर दहाच्या आसपास जातो. पाइपातलं पाणी गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं. ते आपल्याकडं होत नाही.

पांढरा पाइप म्हणजे यूपीव्हीसी, गार पाण्याचा. फिकट पिवळा तो सीपीव्हीसी, गरम पाण्याला चालणारा. पांढऱ्यावर १० किलो छापलंय, म्हणजे तेवढा दाब तो सोसतो, पण ते २७ अंशांच्या पाण्यासाठी. पाणी जसं गरम होईल तशी त्याची ताकद घटते, आणि ४५ अंशांच्या पुढं तो वापरायचाच नसतो. ६० अंशांला त्याची मूळच्या पाचवा हिस्साच ताकद उरते. म्हणजे तुमचा १० किलोचा पाइप जानेवारीच्या सकाळी दोन किलोचा होतो. त्यात गच्चीवरच्या उन्हानं काही वर्षं खाल्लेला, म्हणजे त्याहूनही कमी.

टाकीच्या दाबाचा हिशोब बघा. दहा मीटर उंचीला एक किलो दाब. तुमची टाकी नळापासून तीन-चार मीटर वर असेल, म्हणजे दाब किलोच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एवढ्यावर तो मऊ पडलेला पाइपसुद्धा वर्षानुवर्षं तग धरून होता. मग दिवाळीत पंप आला. असले पंप दीड-दोन किलो दाब देतात आणि नळ बंद झाला की तो धप्प आवाज येतो, त्या क्षणी दाब आणखी वर उडतो. पंप बसवल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पाइप गेला. त्यांनी पांढराच तुकडा परत जोडला. यंदा शेजारी गेला.

झोळलेला पाइप बघितलात ना, तीच खूण. गरम झाल्यावर तो दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीसारखा मधोमध उतरतो. सगळा ताण येतो कोपऱ्यावर, आणि फुटतोही तिथंच. शिवाय प्लास्टिकचा पाइप गरमीनं लांब होतो. आठेक मीटरची लाइन रात्रीच्या पंधरा अंशांवरून सकाळी साठ अंशांवर गेली की दोन सेंटिमीटरच्या वर वाढते, आणि रात्री परत आखडते. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट पकडलेली असतील तर ही वाढ जाणार कुठं? एल्बोवरच येणार.

परवा मिस्त्री आले की त्यांना एवढं सांगा. फुटका तुकडा बदलू नका, सोलरपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंतचा पांढरा पाइप सगळाच काढा आणि तिथं सीपीव्हीसी टाका. त्यावर एसडीआर ११ छापलेलं बघून घ्या. एसडीआर म्हणजे पाइपाचा व्यास त्याच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा. एसडीआर १३.५ सुद्धा मिळतो, तो पातळ असतो, गरम लाइनीला जाड तोच घ्यावा. पांढरा आणि पिवळा पाइप सोल्युशननं एकमेकांना जोडायचा नाही. कुठं गाठ घालावीच लागली तर पितळी आट्यांची फिटिंग वापरून. तुमच्या पहिल्या कोपऱ्यात नेमकं काय केलंय ते मला इथून दिसत नाही, पण तो कोपरा बदलाच.

सोल्युशन सीपीव्हीसीचंच मागा. पांढऱ्याच्या डब्यातलं चालवून घेणारे पुष्कळ आहेत. पाइप सरळ कापायचा, तिरका नाही, आतली-बाहेरची पिसं पॉलिश पेपरनं काढायची, कापडानं पुसून कोरडा करायचा. सोल्युशन पाइपावर आणि फिटिंगच्या आत, दोन्हीकडं लावायचं. आत ढकलताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाहीतर पाइप आपोआप थोडा मागं येतो. जोड गरम लाइनीवर आहे, म्हणून एक दिवस तसाच सोडा. मिस्त्री म्हणतील तासाभरात पाणी सोडतो. सोडू देऊ नका.

क्लॅम्प तीन-तीन फुटांवर हवेत, पाइपाला धरणारे पण न आवळणारे, म्हणजे पाइप आत सरकू शकला पाहिजे. लांब सरळ लाइनीत एक वळसा मुद्दाम द्या, वाढ त्यात जिरते.

पंपावर लिहिलेलं वाचा, तो गरम पाण्याला चालतो का. घरगुती पंपांतले बरेचसे फक्त गार पाण्याचे असतात. आणि सोलरच्या टाकीवर जो उभा वेंट पाइप असतो, तो मोकळा आहे का बघा. चिमण्या घरटं करतात, कोणी पिशवी बांधून ठेवतं. तो बंद झाला तर वाफ कोंडते, किंवा पाणी ओढलं जाताना टाकी आत चेपते. त्याचं तोंड गार टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच असलं पाहिजे.

उन्हाळ्यात सोलर नको असेल तर लाइन बंद करण्यापेक्षा निम्म्या नळ्या झाका. पाणी भरणारा व्हॉल्व्ह मात्र उन्हाळ्यातही उघडाच ठेवायचा. तो बंद राहिला तर आतलं पाणी वाफ होऊन संपतं आणि नळ्या कोरड्या पडतात.

आता फोम. बहिणीला सांगा, फोम लावू, पण गरम पाणी वाटेत निवू नये म्हणून. काळा, नळीसारखा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो उघडा ठेवला तर आपलं ऊन त्याला एक-दोन वर्षांत भुगा करतं, वरून ॲल्युमिनिअमची टेप लावा. जिथं फोम नाही तिथं सीपीव्हीसीला भिंतीचा पाण्यात मिसळणारा पांढरा रंग दोन हात द्या. तेलाचा रंग किंवा थिनर लावायचा नाही, त्यानं पाइपाला तडे जातात. गोणपाटवाल्या दादांना सांगतो, ऊन अडवायचं काम गोणपाट करतं, पण पावसात ते भिजून राहतं आणि क्लॅम्प गंजतात. रंग बरा.

साखर पेठेतला, सध्या टोरांटो

ताई, तुमची बहीण तिकडच्या हिशोबानं बरोबर सांगतेय. माझं बालपण साखर पेठेत गेलं, पाइप गोठतो ही कल्पनाच नव्हती. इकडं जानेवारीत एखाद्या रात्री उणे वीसच्याही खाली जातं. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पण गंमत नाही, खरी गोष्ट अशी की बर्फ जिथं धरतो तिथं पाइप फुटतोच असं नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, बर्फ वाढेल तसा त्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप कुठंतरी भलतीकडंच फाटतो. आणि ते तेव्हा कळतही नाही. बर्फ वितळायला लागला की घरात पाणी धो धो सुटतं.

म्हणून इकडं कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेनं चालू ठेवतात. पाणी हलतं राहतं आणि मुख्य म्हणजे दाब कोंडत नाही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवतात, खोलीतली ऊब आत जावी म्हणून. गावाला जाताना घर गरम ठेवणारं यंत्र पूर्ण बंद करत नाहीत, निदान तेरा अंशांवर ठेवतात. अंगणातल्या नळाचा रबरी पाइप हिवाळा लागायच्या आधी काढतात, आतला व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा टाकतात, म्हणजे मध्ये पाणी राहत नाही.

पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून केस वाळवायच्या यंत्रानं ऊब देतात, नळाच्या बाजूनं सुरुवात करून आत आत जायचं. मधूनच तापवलं तर वाफेला आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. उघडी ज्योत कधीच लावत नाहीत, भिंतीत लाकूड असतं, दरवर्षी त्यानं घरं पेटतात.

अण्णांनी व्हॉल्व्हबद्दल सांगितलं ते इकडंही पहिलं सांगतात. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे हे घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आमच्या सोलापूरच्या वाड्यात तो फक्त आजोबांना ठाऊक होता.

जुळे सोलापूरची ताई

सगळ्यांना कळवते. मिस्त्री आले. आधी ते तुकडाच बदलू म्हणत होते. मी फुगलेला तुकडा त्यांच्या हातात दिला आणि अण्णांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांनी मान्य केलं. पूर्ण लाइन सीपीव्हीसीची झाली, एसडीआर ११. पहिल्या कोपऱ्यात पिवळा पाइप पांढऱ्या एल्बोत नुसता सोल्युशननं चिकटवलेला निघाला. पंपाच्या पट्टीवर कमाल ४० अंश लिहिलंय, म्हणून तो गरम लाइनीवरून काढला. शॉवरला जोर कमी आहे, सासूबाई म्हणाल्या बादलीनं अंघोळ करू. जोड एक दिवस वाळू दिले, आज पहाटे अंधारातच सोलर भरला, एकही नळी गेली नाही. बहिणीलाही सगळं वाचायला पाठवलंय.

होटगी रोड, बोअरवाला

अण्णा, याच निमित्तानं विचारतो. आमच्या फुटलेल्या पाइपाची चीर लांबीनं सरळ आहे, कडा जाड. बोअरची सबमर्सिबल मोटर थेट गच्चीच्या टाकीला पाणी चढवते. टाकीत बॉल कॉक बसवलाय, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. बॉल कॉक बसवल्यापासूनच पाइप फुटायला लागलाय. पाइप जाड घेऊ का?

अण्णा नळमिस्त्री, अशोक चौक

दादा, जाड पाइप घेतलात तर फुटायची जागा बदलेल, फुटायचं थांबणार नाही. टाकी भरली की बॉल कॉक तोंड बंद करतो आणि खाली मोटर चालूच. पाण्याला जायला वाट नाही, मोटरचा सगळा दाब पाइपावर. मोटरच्या पट्टीवर हेड लिहिलेलं असतं, म्हणजे ती किती मीटर उंच पाणी ढकलू शकते तो आकडा. समजा ते ९० मीटर आहे, बोअरमध्ये पाणी ४० मीटरवर आहे आणि टाकी जमिनीपासून १० मीटर उंच. मग टाकीजवळ ४० मीटरचा म्हणजे चार किलो दाब उरतो आणि जमिनीलगत पाच किलो. वाट बंद झाल्यावर हेड पट्टीवरच्या आकड्याच्याही वर जातं, पावसाळ्यात बोअरची पातळी वर आली की आणखी. तुमचे जोड त्यानं उकलतात. शिवाय पाणी न हलता मोटर फिरत राहिली तर ती तापते, आणि बोअरमधून मोटर वर काढायचा खर्च पाइपापेक्षा कितीतरी मोठा.

बॉल कॉक काढून टाका. तो महापालिकेच्या नळाच्या हौदाला ठीक, मोटरच्या लाइनीला नाही. त्याऐवजी टाकीत फ्लोट स्विच सोडा आणि त्याची वायर स्टार्टरला जोडून घ्या, टाकी भरली की मोटरच बंद होईल. वायरचं काम वायरमनकडूनच करा. बोअरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का तेही बघून घ्या. तो खराब असेल तर मोटर बंद झाल्यावर पाइपातलं पाणी उलटं खाली आदळतं, तो दणका वेगळाच. आणि फ्लोट कधी अडकला तरी टाकी फुटू नये म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप ठेवा, भरणाऱ्या पाइपापेक्षा एक नंबर मोठा, आणि त्याचं तोंड अंगणात दिसेल असं काढा.